वगळलेली दीर्घिका

संस्थेत तिला सगळे तिरपी म्हणत. डाव्या कानाने तिला लहानपणापासून ऐकू येत नसे, त्यामुळे कुणी बोलायला लागलं की ती मान कलती करून उजवा कान पुढे आणायची. त्यात कामही असं, की दूरच्या दीर्घिका आपल्याला किती कललेल्या दिसतात ते मोजायचं. नाव चिकटलं ते चिकटलंच, शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी. तिलाही त्याचं काही वाटत नसे. "सरळ माणसांना आमच्या धंद्यात काम नाही," म्हणून ती हसायची.

तिचा धंदा सर्पिल दीर्घिकांचं वजन करण्याचा. हे वजन तराजूत होत नाही, वेगावरून होतं. पाण्याची बादली दोरीने गरगर फिरवली, तर जितकी जोरात फिरवाल तितकी दोरी घट्ट धरावी लागते; हात सुटला की बादली शेजाऱ्याच्या अंगणात. दीर्घिकेच्या कडेचा वायूही असाच गरगरत असतो आणि तरी सुटून जात नाही, कारण आतलं वजन त्याला धरून ठेवतं. रेडिओ दुर्बिणीने वायूचा वेग कळतो, आणि वेग कळला की वजन कळतं. घोळ एवढाच, की चमकणाऱ्या ताऱ्यांचा पसारा संपल्यावर बाहेरचा वेग उतरत जायला हवा, आणि बहुतेक दीर्घिकांत तो उतरत नाही. सपाट राहतो. म्हणजे डोळ्यांना न दिसणारं बरंच काही तिथे भरलेलं असणार. एवढं तिच्या जन्माच्या आधीपासून लोकांना ठाऊक होतं. भांडण होतं ते न दिसणारं किती आणि कुठवर, यावर.

त्या भांडणात सरांनी आयुष्य घातलं होतं. सर म्हणजे गटाचे प्रमुख, तिचे मार्गदर्शक. तिचे वडील गेले तेव्हा तिचा प्रबंध अर्ध्यावर होता. सरांनी महिनाभर तिची निरीक्षणं स्वतः चालवली आणि पुढे कधी त्याचा उच्चारही केला नाही. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. सरांनी एक नियम मांडला होता: दीर्घिकेत दिसणारं इतकं असेल, तर न दिसणारं इतकंच असणार, सगळ्या सर्पिल दीर्घिकांत प्रमाण ठरलेलं. निवृत्तीआधी त्यांना चाळीसेक दीर्घिकांवर तो नियम तपासून एक मोठा लेख लिहायचा होता. दीर्घिका गटात वाटून दिल्या होत्या. एकामागून एक वेगाचे आलेख येत होते, सगळे सपाट, आणि प्रत्येक आलेखागणिक सरांच्या चेहऱ्यावरची एकेक सुरकुती उलगडत होती.

तिरपीच्या वाट्याला आलेल्यांपैकी एक मात्र अडून बसली. मोठी, भरलेली दीर्घिका, मध्यभाग चांगला गरगरीत. वेग आधी भराभर चढला आणि मग तारे अजून चमकतच होते तिथपासून उतरायला लागला. उतरत गेला तो उतरतच गेला. तिला आधी आपलंच काही चुकलं असं वाटलं. तिने सगळं पुन्हा केलं. मग गटातला गणनेचा माणूस होता, त्याच्याकडून करवून घेतलं. हा इतकं कमी बोलायचा की त्याला मुनी म्हणत. दोन दिवसांनी मुनीने तिच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हणाला, "उतरतोय."

कागद घेऊन ती सरांच्या खोलीत गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून आलेख डोळ्यांजवळ धरला.

"कड वाकलेली आहे हिची," ते म्हणाले. "काढून टाक."

"कशावरून, सर?"

"वेग उतरतोय त्यावरून. अगं, उन्हात राहिलेली ग्रामोफोनची तबकडी पाहिलीस ना? मध्ये सपाट, कडेला मुडपलेली. तशी कड मुडपून आपल्याकडे तोंड करते, मग वेग आहे त्यापेक्षा कमी दिसतो. तुला मी सांगायला पाहिजे का हे?"

"नाही. पण मग बाकीच्यांच्या कडा तपासल्यात का आपण?"

"त्याची गरज पडली नाही."

"का?"

"त्या बसतात ना नियमात!"

हे शब्द तोंडातून गेल्यावर सरांना ते कसे वाटले, कोण जाणे. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि दुसराच कागद पुढे ओढला. ती आपला आलेख उचलून बाहेर आली.

एखादीने तिथेच सोडून दिलं असतं. चाळीसातली एक गेली तर कोण विचारतंय? पण ती टेबलाशी येऊन बसली आणि सगळ्या दीर्घिकांची जुनी निरीक्षणं उघडून ज्या खुणांवरून कड वाकल्याचा संशय घेतात त्या एकेकीत शोधायला लागली. आठ जणींत त्या खुणा सापडल्या. आठही जणींचे आलेख सपाट होते, आणि आठही जणी लेखात मानाने बसलेल्या होत्या.

गटाच्या बैठकीत तिने हे सगळ्यांसमोर मांडलं. आवाज चढवला नाही. "कड वाकली म्हणून काढायची तर या नऊही जणींना काढू या. ठेवायची तर नऊही ठेवू या. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं आकाशात चालत नाही."

कुणीतरी खोकलं. मुनी आपल्या पेनाचं टोपण काढून बसवत होता.

"लेख महिन्याभरात जायचाय," सर म्हणाले. "आठ काढल्या तर नियमाचा आधार लंगडा पडतो. एक ठेवली तर नियमच उरत नाही. तुला कळतंय का तू काय मागतेयस?"

"एकच माप मागतेय, सर. सगळ्यांना."

"लेखावर तुझं नाव हवंय की नको?"

"माप एक असेल तर हवंय."

"मग नको," सर म्हणाले, आणि बैठक संपली.

ही बातमी घरी तिच्या आधी पोचली. तिची आई न्यायालयात टंकलेखक होती. आयुष्यभर दोन्ही बाजूंची खोटी बोलणी ऐकून टाइप करत आल्यामुळे तिचा माणसांवर फारसा विश्वास नव्हता आणि आवाजात साखर नव्हती. संस्थेतल्या कुणाच्या तरी बायकोने तिला बाजारात गाठलं होतं.

"पाण्यात राहून माशाशी वैर घेतलंस म्हणे," आईने दारातच सुरुवात केली. "करार संपत आलाय तुझा, ते आहे ना ध्यानात?"

"आहे."

"आणि त्या माणसाने तुझे बाबा गेले तेव्हा काय केलं ते?"

"तेही आहे. म्हणून तर तोंडावर बोलले. पाठीमागे बोलणं सोपं होतं, आई."

आई कपडे घड्या घालत होती. एक चादर तिने दोनदा उलगडली आणि दोनदा घातली. "कोर्टात असं तोंडावर बोलणारे बहुतेक हरायचे," ती म्हणाली.

"मग हरेन."

"हरायची एवढी घाई काय आहे!" आई करवादली. "पुरावा आहे का तुझ्याकडे, की नुसताच बाणा?"

हे मात्र झोंबलं, कारण खरं होतं. जुन्या निरीक्षणांत कडेचा वायू अगदी पुसट दिसत होता. कड वाकलीय की नाही हे छातीवर हात ठेवून तिलाही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिने दुर्बिणीच्या वेळेसाठी स्वतःच्या एकटीच्या नावाने अर्ज केला.

वेळ वाटणाऱ्या समितीचे अध्यक्ष सरच होते. तिच्या अर्जाची पाळी आली तेव्हा तो समजावून सांगायला ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसली होती, आणि तिला वाटलं, झालं, इथेच आपला निकाल. सर उठले. "यात माझा संबंध येतो. मी बाहेर बसतो," एवढं बोलून ते गेले आणि दार ओढून घेतलं. आत राहून एक वाक्य बोलले असते तरी अर्ज बाद झाला असता. ती हे कधी विसरली नाही, आणि त्यामुळे तिचा राग कमी झाला नाही की निश्चय ढिला पडला नाही. दोन्ही तसेच राहिले, शेजारी शेजारी.

तिला मिळाली ती कुणालाही नको असलेली वेळ, भर दुपारची. रेडिओ दुर्बिणीला ऊन-अंधार सारखाच, पण दुपारी आवारात माणसं कामं करतात, यंत्रं चालतात आणि त्यांचा सगळा खरखराट दुर्बिणीला ऐकू जातो. पहिल्याच दुपारी पडद्यावर दीर्घिकेच्या जागी नुसतं गवत उगवल्यासारखं दिसायला लागलं. ती नियंत्रण कक्षातून तरातरा निघाली आणि ठिणग्यांच्या उजेडाच्या मागाने कार्यशाळेत पोचली. तिथला मुकादम एका लोखंडी चौकटीला वेल्डिंग करत होता.

"हे बंद करा," ती म्हणाली.

त्याने तोंडावरचा मुखवटा वर केला. "बाई, तुमच्या चांदण्या काय पळून जाणारेत?"

"चांदण्या नाही जाणार. मी जाईन."

"कुठे?"

"कराराबाहेर."

तो खो खो हसला. हसता हसता त्याने तिच्याकडे नीट पाहिलं, मग मागे वळून यंत्राचं बटण खाली केलं. "घ्या. तुमचं होईपर्यंत रंगकाम काढतो. पण साहेबांनी विचारलं तर तुमचं नाव सांगणार हां."

"ठणकावून सांगा," ती म्हणाली.

आठवडाभर ती दुपारच्या दुपार दुर्बिणीशी बसून राहिली. पुसट कड हळूहळू वर आली, पाण्याखालची फरशी पाणी निवळल्यावर दिसावी तशी. मग ती आणि मुनी गणनेला बसले. सरांच्या लेखातून बाहेर पडलेल्या बाईबरोबर बसायचं म्हणजे मुनीच्याही मानेवर सुरी होती, पण त्याने काही विचारलं नाही आणि काही सांगितलंही नाही. खुर्ची ओढली आणि बसला. दीर्घिकेची त्यांनी गोल गोल कडी केली, बांगड्यांसारखी, आणि प्रत्येक कड्याचा कल वेगळा मोजला.

कड वाकलेली होती.

ती पडद्याकडे बघत राहिली. सर न बघता बोलले होते, आणि बरोबर बोलले होते. इतक्या लोकांसमोर आपण तोंड वर करून बोललो, हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, असं तिच्या मनात आलं आणि कानाची पाळी गरम झाली. आईचा आवाजही आठवला. तिने खुर्ची मागे सरकवली.

"थांब," मुनी म्हणाला. "आतली कडी बघ."

आतली कडी अगदी सपाट होती, टेबलासारखी. कड मुडपायला सुरुवात होत होती ती बरीच बाहेर, तारे संपल्यावर. आणि वेग? वेग त्याच्या कितीतरी आत, सपाट भागातच उतरायला लागला होता. कडेच्या वाकडेपणाचा हिशोब केल्यावर उतार थोडा कमी झाला, पण पुसला काही गेला नाही. या दीर्घिकेत न दिसणारं होतं, पण नियमाने असायला हवं त्यापेक्षा खूप कमी, आणि तारे मात्र सगळ्यांनी धरलं होतं त्यापेक्षा जड.

लिहून कुठे पाठवायच्या आधी ती सरांकडे गेली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिच्या स्वभावात नव्हतं.

"म्हणजे मी बरोबर होतो," सगळं ऐकून सर म्हणाले.

"कडेबद्दल बरोबर होतात. दीर्घिकेबद्दल नाही."

"लेख गेलाय. परिषदेत मी तो वाचतोय."

"मग परिषदेत मी विचारीन, सर. आधी सांगून ठेवते."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग होता, थकवाही होता. "विचार," ते म्हणाले.

परिषदेचं सभागृह मोठं होतं आणि भरलेलं होतं. सरांनी लेख सुरेख मांडला. त्यांना बोलायची कला होतीच. पडद्यावर एकेक सपाट आलेख येत होता आणि लोक माना डोलावत होते. शेवटी टाळ्या झाल्या. प्रश्नांसाठी सगळ्यात आधी हात वर गेला तो तिचा. आवाज दोन्ही बाजूंनी घुमत असल्यामुळे तिने उजवा तळवा कानामागे धरला होता, पण उभी राहिली ती ताठ.

"एक दीर्घिका या यादीतून वगळली आहे. कुठल्या नियमाने वगळली?"

सभागृहात कुजबुज झाली. सर म्हणाले, "हा आमच्या घरातला प्रश्न आहे. घरी बोलू."

"दीर्घिका घरातली नाही, सर."

कुणीतरी फिसकन हसलं. सत्राचा अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाला, "वेळ कमी आहे, आपण पुढच्या प्रश्नाकडे—"

"माझं अजून संपलेलं नाही," ती म्हणाली, आणि बसली नाही. "तिची कड वाकलेली आहे हे सरांचं म्हणणं बरोबर निघालं, मला ते आधी दिसलं नव्हतं. पण वेग उतरतो तो सपाट भागात. आणि तशाच वाकलेल्या कडांच्या आठ दीर्घिका या यादीत ठेवल्या आहेत. म्हणून विचारते, नियम कुठला?"

अध्यक्षाने पुन्हा तोंड उघडलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून दुसऱ्या एका संस्थेतल्या म्हाताऱ्या बाई, ज्यांच्या नुसत्या खोकण्यानेही लोक सावरून बसत, मागे न वळता म्हणाल्या, "उत्तर येऊ द्या. मलाही ऐकायचंय."

सरांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत तिने त्यांना शब्द शोधताना पाहिलं नव्हतं.

"नियम नव्हता," ते म्हणाले. "ती मला पटली नाही. म्हणून काढली."

आणि ते व्यासपीठावरून खाली उतरले. टाळ्या झाल्या नाहीत आणि कुणी हुर्योही उडवली नाही. ती लगेच बसली नाही. आपण जिंकलो असं काही तिला वाटेना, फक्त आता खोटं बोलायला कुणालाच जागा उरली नाही, एवढं वाटलं.

पुढे जे व्हायचं ते झालं. करार संपला तेव्हा संस्थेने तो वाढवला नाही. कारण विचारल्यावर "गटात मिसळून काम करण्याची वृत्ती" असं काहीतरी कळवलं. यात सरांचा हात नव्हता, हे तिला नंतर समजलं. त्यांच्याहून वरच्या लोकांना भर सभेत झालेला प्रकार खुपला होता. तिने एका महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला सुरुवात केली. प्रयोगशाळेमागच्या सामानाच्या खोलीत, मोडक्या लंबकांच्या आणि फुटक्या भिंगांच्या मध्ये, तिने संगणक मांडला. "छान आहे," आई बघायला आली तेव्हा म्हणाली. "सगळी मोडकी मंडळी एकत्र." पण जाताना तिने खिडकीच्या तुटलेल्या काचेला पुठ्ठा बसवून दिला.

लेख त्या खोलीतूनच गेला, तिच्या आणि मुनीच्या नावाने. सरांचा लेखही छापून आला. त्यात वगळलेली दीर्घिका परत आली होती, आणि नियमात 'सर्व' होतं तिथे 'बहुतेक' झालं होतं. एवढा एक शब्द बदलायला त्या माणसाला काय पडलं असेल, ते तिला कळत होतं. सर तिच्याशी बोलले मात्र नाहीत, निवृत्त झाल्यावरही नाही. याचं तिला दुःख झालं. पण तोच प्रश्न पुन्हा विचारायची वेळ आली तर विचारणार नाही, असं तिच्या मनात एकदाही आलं नाही.

दोनेक वर्षांनी एका अनोळखी गटाने वेगळ्या दुर्बिणीने तीच दीर्घिका मोजली. वेग उतरत होता. तिच्या मोजणीपेक्षा किंचित कमी, पण उतरत होता.

तोवर तिने सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या नव्या निरीक्षणांवरून उरलेल्या आठ जणींना तेच माप लावलं होतं. प्रत्येकीची कडी वेगळी केली, कल वेगळा मोजला. दोघींचे वेग उतरले. सहा जणी सपाटच राहिल्या, उलट आधीपेक्षा जास्त सपाट. सरांचा 'बहुतेक' भक्कम झाला. तिने सगळं जसंच्या तसं छापलं. तेव्हा तिला एका गृहस्थाचा फोन आला. न दिसणारं वस्तुमान नाहीच असं ठामपणे सांगत फिरणाऱ्यांपैकी तो एक होता, आणि परिषदेपासून तिचं नाव झेंड्यासारखं मिरवत होता.

"तुम्ही तर पलटलात!" तो म्हणाला. "आम्ही तुम्हाला आमच्या बाजूच्या समजत होतो."

"मला विचारून समजायचं होतं," ती म्हणाली. "न दिसणारं नाहीच, असं मी कधी म्हणाले? तीन ठिकाणी कमी आहे म्हणतेय, सहा ठिकाणी भरपूर आहे म्हणतेय. मी वजन करते हो. वकिली नाही करत."

त्याच वर्षी सरांच्या जागी आलेल्या नव्या प्रमुखाचाही फोन आला. आवाज गोड, बोलणं मऊ. "तुम्ही परत यावं असं सगळ्यांना वाटतं. जागा आहे, दुर्बिणीचा वेळ आहे. फक्त एक विनंती. मतभेद असले तर ते आपसांत ठेवू या. बाहेर वाच्यता नको."

तिने फोन उजव्या कानाशी घट्ट दाबला, नीट ऐकलंय ना याची खात्री करायला.

"म्हणजे तुम्हाला मी नकोय," ती म्हणाली. "माझी आकडेमोड हवीय."

"तसं नाही हो, संस्थेचं नाव—"

"मग अट काढा आणि पुन्हा फोन करा. मी शिकवायला निघालेय."

फोन ठेवून ती वर्गात गेली. महिना गेला, दीड महिना गेला. आईने रोज विचारायचं आणि तिने रोज "नाही" म्हणायचं, असा क्रम पडला. मग एका सकाळी नव्या प्रमुखाचा फोन आला, आणि या खेपेला त्यात अट नव्हती. ती गेली. आधी मात्र तिने त्याच्याकडून अट नसल्याचं लेखी घेतलं. ते आईने वाचलं, दोन शब्द खोडले, आणि मगच सही करू दिली.